बोटीची बॅटरी दर हंगामात बसते? नवी घेण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. आठवडाभर बोट मूरिंगला, म्हणजे पाण्यातल्या बोयाला बांधून, उभी, रविवारी सकाळी सगळे सामानसुमान घेऊन पोचतात, किल्ली फिरवली की सेल्फ नुसता 'टक्' करतो. कधी दोन-तीनदा गुरगुरतो आणि गप्प होतो. मग शेजारच्या बोटीतून बॅटरी मागून आणायची, जंपर लावून इंजिन सुरू करायचं आणि सोमवारी दुकानात जाऊन नवी बॅटरी उचलायची. नवी काही महिने नीट चालते, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. एक-दोन बॅटऱ्या अशा गेल्या की मालक वैतागून म्हणतो, "तांडेल, या वेळी मोठीच टाकू."

मोठी टाकून हा प्रश्न सुटत नाही, फार तर काही आठवडे पुढे जातो. बॅटरी निवडण्याबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक अशा बोटींसाठी लिहिलेलं असतं, ज्या जेटीला लागल्या की प्लग खोचून रात्रभर चार्जरवर राहतात. आपल्याकडे गेटवेसमोर किंवा माझगावच्या बाजूला मूरिंगवर उभ्या असलेल्या बोटीला कसला प्लग! तिच्या बॅटरीला मिळेल ते इंजिनाकडून, नाहीतर उन्हातून. त्यामुळे किती एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) घ्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे की ही बॅटरी भरणार कशी?

पण त्याच्याही आधी, जिला आपण मेलेली म्हणतोय ती खरंच मेली आहे का, ते बघू.

आधी मीटर, मग दुकान

एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. जमलं तर टंग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, तोही घ्या. दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात. टंग टेस्टर घेताना तो डीसी करंट मोजतो का, हे विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बोटीवर त्यांचा काही उपयोग नाही.

मेन स्विच बंद करून बॅटरी रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी थेट तिच्या पोलवर व्होल्टेज बघा. पॅनेलवरच्या मीटरवर जाऊ नका, मधल्या वायरीत झालेली घट त्यात मिसळलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून रात्रभराची अट. पाणी घालायच्या बॅटरीला हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी, तीही लावा. पाच सेल सारखे आणि एकाचीच ग्रॅव्हिटी ०.०५० किंवा जास्त खाली असेल तर तो सेल गेला. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

आता कोणालातरी किल्ली फिरवायला सांगा आणि मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या पोलवर धरा. लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, पोलवरच. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या वर टिकलं तर बॅटरी बहुतेक ठीक आहे. मग एक पीन पॉझिटिव्ह पोलवर आणि दुसरी स्टार्टरच्या पॉझिटिव्ह बोल्टवर ठेवून पुन्हा किल्ली मारायला सांगा. या वेळी मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्च होतंय. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर दोष बॅटरीचा नाही, केबलचा आहे. निगेटिव्हच्या बाजूनेही हेच करा. ती बाजू बघायची राहूनच जाते.

केबलचा हा दोष खाऱ्या हवेत इतका सर्रास सापडतो की त्यावर थोडं थांबायला हवं. एका चोवीस फुटी बोटीत बॅटरी जेमतेम दोन महिन्यांची होती आणि सेल्फ उचलत नव्हता. वरून सगळं चकाचक, लगला ग्रीस फासलेलं. निगेटिव्ह केबलवरचं रबर लगपासून बोटभर मागे सोललं, तर आतलं तांबं काळंकुट्ट, आणि चिमटीत धरलं तर तारा भुशासारख्या तुटत होत्या. गाडीच्या वायरिंगची साधी तांब्याची केबल वापरली होती. लगच्या उघड्या तोंडातून ओल आत शिरते आणि इन्सुलेशनखालून फूटभर चढत जाते. बोटीला कलई केलेल्या तारांची, म्हणजे टिन्ड कॉपर केबलच लागते. लग नीट क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) हवा आणि त्याच्या तोंडावर आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी हवी. बॅटरीवर विंग नट असतील तर काढून टाका आणि पान्याने आवळायचे स्टीलचे नट लावा. लाटांच्या दणक्यांनी विंग नट सैल होतातच, आणि जाड केबलवर ते लावू नयेत असं अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं मानकही सांगतं.

पुढचं माप चालत्या इंजिनावर. मोकळ्या पाण्यात आरपीएम तीन हजारांच्या आसपास नेऊन बॅटरीवरचं व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर चार्जिंग होत नाही. फ्यूज, वायर, मग रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग), या क्रमाने बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी शिजतेय. पाणी सारखं कमी होणं, बाजू फुगणं, कुजक्या अंड्यांचा वास येणं ही त्याची लक्षणं. अशा इंजिनावर नवी बॅटरी लावणं म्हणजे पैसे पाण्यात. मेन स्विच 'ऑफ' वरून फिरवताना इंजिन चालू होतं का, हेही बोटीवर काम करणाऱ्या मुलांना विचारा. चालत्या इंजिनावर बॅटरी तुटली की अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात, आणि ही चूक कोणी आपणहून सांगत नाही.

शेवटी गळती. सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून पोल व केबलच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअर दिसले तर वाटतं, एवढ्याने काय होतंय. हिशेब करा: दिवसाला १.२ एएच, महिन्याला ३६. स्टिरिओची मेमरी, कोणीतरी थेट बॅटरीवर जोडलेला यूएसबी सॉकेट, ट्रॅकर, असे उंदीर सापडतात.

बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप, मात्र वेगळा. तो मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवरच असायला हवा, म्हणजे कोणी नसतानाही चालेल. पण तो दिवसातून एकूण दोन तास चालत असेल आणि अडीच अँपिअर ओढत असेल, तर आठवड्याला ३५ एएच तिथेच गेले. गळती थांबवायची म्हणून पंपाचा फ्यूज काढून ठेवणारे लोक आहेत. तसं करू नका, बोट बुडेल. पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि पाणी वाढलं की पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचमध्ये प्लास्टिकची पिशवी अडकून तो वरच राहिला नाही ना, ते बघा. आपल्या बंदरातल्या पाण्यात हे नेहमीचंच.

जमा आणि खर्च

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी बॅटरी बसते, तर मग हिशेबातच तूट आहे. नेहमीचा रविवार घेऊ. गेटवेहून निघून मांडव्यासमोर नांगर टाकला आणि पाच तास थांबलो. म्युझिक ३ अँपिअर, छोटा फ्रिज सरासरी ३, चार्टप्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) आणि व्हीएचएफ रेडिओ मिळून दीड, फोनचं चार्जिंग अर्धा. आठ अँपिअर, पाच तास, म्हणजे ४० एएच खर्च. जमेच्या बाजूला, मध्यम आउटबोर्डकडून (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाकडून) स्वतःची गरज भागवून बॅटरीसाठी १५ अँपिअर उरतात असं धरू. जाता-येता मिळून तासभर इंजिन चाललं तर १५ एएच. आयडलवर त्याहून बरंच कमी. म्हणजे दर रविवारी २५ एएचची तूट. १०० एएचची एकच बॅटरी असेल तर चौथ्या रविवारी 'टक्'. २०० ची टाकलीत तर तोच 'टक्' आठव्या रविवारी.

दुखणं एवढ्यावर थांबत नाही. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पण वरचे २० टक्के भरायला काही तास लागतात, कारण शेवटी शेवटी ती करंट घेतच नाही. तासाभराच्या फेरीत ती पूर्ण कधीच भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटवरचं सल्फेट घट्ट होतं आणि क्षमता कायमची कमी होते. "कंपनीचा माल खराब" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. वर आपला उन्हाळा. बॅटरीचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात बंद लॉकरमध्ये इंजिनाला खेटून ठेवलेल्या बॅटरीची काय अवस्था होत असेल ते त्यावरून समजा.

म्हणून मूरिंगवरच्या बोटीत पहिला खर्च मी सोलर पॅनेलवर करायला सांगतो, बॅटरीवर नंतर. छतावर आडवा ठेवलेला १०० वॉटचा पॅनेल आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी २० ते २५ एएच सहज देतो. एका रविवारची तूट सोमवार-मंगळवारपर्यंत भरून निघते आणि उरलेला आठवडा बॅटरी निवांत १०० टक्क्यांवर राहते. सल्फेटवर इतका स्वस्त उतारा दुसरा नाही. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर चांगला घ्या, त्यात बॅटरीचा प्रकार निवडायची सोय हवी. पॅनेलवर अँटेनाची किंवा रेलिंगची सावली पडू देऊ नका, लहानशी सावलीही बरंच उत्पादन खाते. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी ओला फडका हाच इलाज.

आता बॅटरी

सेल्फ मारणं आणि तासन् तास दिवे-म्युझिक चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जागा असेल तर दोन बॅटऱ्या ठेवा आणि स्टार्टिंगची बॅटरी इतर कशालाही देऊ नका. दोन्ही एकाच चार्जिंगवर भरायच्या असतील तर मध्ये व्होल्टेज सेन्सिंग रिले लावा. इंजिन चार्ज करू लागलं की तो दोन्ही जोडतो आणि इंजिन बंद झालं की वेगळ्या करतो. १-२-बोथ स्विचने हेच काम हाताने होतं, पण नांगर टाकल्यावर स्विच 'बोथ' वरून हलवायचा कोण लक्षात ठेवतो!

स्टार्टिंगसाठी इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये किमान सीसीए किंवा एमसीए दिलेलं असतं, म्हणजे थंडीत सेल्फ मारायला बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा आकडा. दोन्ही एकच समजू नका. सीसीए उणे १८ अंशांवर मोजतात, एमसीए शून्य अंशावर, म्हणून त्याच बॅटरीचा एमसीए आकडा साधारण सव्वापट मोठा दिसतो. मॅन्युअल ८०० एमसीए मागत असेल तर अंदाजे ६४० सीसीएची बॅटरी चालते. तेच मॅन्युअल ८०० सीसीए म्हणत असेल आणि तुम्ही ८०० एमसीएवाली आणलीत, तर कमी पडेल. मुंबईत उणे १८ कुठून येणार, हे खरं. पण मोठ्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डचा कंप्युटर व्होल्टेज पडलं की नखरे करतो. किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. या कामाला चांगली मेंटेनन्स-फ्री गाडीची बॅटरीही चालते, घट्ट बांधलेली असली की झालं. तीच हाऊस बॅटरी म्हणून, म्हणजे दिवे-म्युझिक चालवायला, लावली तर काही वेळा खोलवर उतरली की संपली. तिच्या प्लेट पातळ असतात आणि क्षणभराच्या मोठ्या करंटसाठी बनवलेल्या असतात.

हाऊस बॅटरी मागितली की दुकानदार हमखास इन्व्हर्टरची ट्यूब्युलर पुढे करतो. "दीडशे एएच, डीप डिस्चार्ज, वॉरंटी मोठी, अजून काय पाहिजे?" घरात ती उत्तम, बोटीत नाही. तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे आणि उंची एवढी की लॉकरचं झाकण लागत नाही. ती एका जागी स्थिर उभी राहायला बनवलेली आहे. बोट डोलली की वरच्या फ्लोटच्या भोकांतून ॲसिड बाहेर येतं, आणि त्या ॲसिडला समुद्राचं पाणी लागलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद केबिनमध्ये तो नको. शिवाय अडीअडचणीला तिच्यावर सेल्फ मारायचं म्हटलं तर तेवढा करंट ती एका झटक्यात देत नाही. लेबलवरचा एएच कोणत्या रेटिंगचा आहे तेही बघा. सी-२० वर १०० एएच म्हणजे पाच अँपिअर वीस तास, आणि त्याहून जोरात ओढलं तर मिळणारे एएच कमी.

माझ्या मते बहुतेक वीकेंड बोटींना डीप-सायकल (खोलवर उतरवायला बनवलेली) एजीएम, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटयांत शोषून ठेवलेली बॅटरी, बरी पडते. ॲसिड सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही, पडून राहिली तरी हळू उतरते आणि हादरे सोसते. तिचा एकच राग, तो ओव्हरचार्जचा. एकदा पाणी उडालं की परत भरता येत नाही. म्हणून मघाचं चालत्या इंजिनावरचं माप १४.७ च्या वर जाता कामा नये. जेल बॅटरी त्याहूनही नाजूक, तिला १४.२ च्या आसपासच थांबावं लागतं. आउटबोर्डवर तिच्या वाटेला जाऊ नका. एजीएम घेतली तरी निम्म्याच्या खाली नियमित उतरवू नका, म्हणजे वरच्या हिशेबातल्या ४० एएचसाठी १०० एएच ठीक.

लिथियम फॉस्फेटबद्दल हल्ली सगळेच विचारतात. वजन लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी, ८० ते ९० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते, अर्धवट भरलेली राहिली तरी तक्रार नाही. मूरिंगवरच्या बोटीला हा शेवटचा गुण सोन्यासारखा. पण ती आउटबोर्डच्या चार्जिंगवर थेट लावू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की अल्टरनेटर देईल तेवढा करंट ती ओढत राहते आणि अल्टरनेटर तापतो. त्यात बीएमएसने (तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने) भरल्यावर अचानक जोड तोडली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जातो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, आणि तोही इंजिनाला झेपेल एवढाच. १५ अँपिअर उरणाऱ्या इंजिनावर ३० चा चार्जर लावला तर स्टार्टिंग बॅटरीच उतरत जाईल. मला आवडणारी मांडणी अशी: स्टार्टिंगला साधी लेड-ॲसिड इंजिनावर, हाऊसला लिथियम फक्त सोलरवर, दोघांचे पॉझिटिव्ह वेगळे. स्टार्टिंगसाठी लिथियम लावायची असेल तर इंजिनाच्या कंपनीची तशी परवानगी मॅन्युअलमध्ये आहे का, ते बघा.

दोन बॅटऱ्या पॅरलल असतील तर बदलताना दोन्ही बदला. जुनी आणि नवी एकत्र जोडली की जुनी नवीला खाली ओढते.

दुकानात आणि लॉकरमध्ये

ट्रेची लांबी-रुंदी-उंची आणि पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे, हे कागदावर लिहून न्या. पोल उलट्या बाजूला आला की केबल पोचत नाही आणि मग कोणीतरी ती ताणून, पेट्रोलच्या नळीवरून घेऊन बसवतो. एनएस मालिकेतल्या काही बॅटऱ्यांचे पोल बारीक असतात, त्यांना जुने क्लँप सैल बसतात. बनवण्याची तारीख विचारा आणि काउंटरवरच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर ती गोदामात पडून राहिलेली आहे, दुसरी मागा. वॉरंटी कार्डवर वापर काय लिहिला आहे तेही वाचा, गाडीसाठी दिलेली वॉरंटी बोटीला लागू होईलच असं नाही.

बसवण्याआधी लॉकर उघडून हवा खेळू द्या, विशेषतः पेट्रोल बोटीत. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो आणि लग लावताना ठिणगी पडतेच. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. झाकणाचा बॉक्स, घट्ट पट्टा, पॉझिटिव्हवर रबरी टोपी. पट्टा बांधल्यावर बॅटरी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघा, बोटाच्या एका पेराहून जास्त हलली तर पुन्हा बांधा.

पावसाळ्यात बोट वर काढली की बॅटरीही काढून घरी किंवा शेडमध्ये आणा, पूर्ण भरा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. नारळी पौर्णिमेपर्यंत तशीच बोटीत ठेवली तर सल्फेट होणारच. फळीवर ठेवा, सिमेंटवर ठेवली तर उतरते असं सगळे सांगतात. जुन्या काळच्या लाकडी आणि रबरी पेट्यांना ते लागू होतं. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला जमिनीने काही होत नाही, चार्जर न लावल्याने होतं.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. शिशाचे वजनावर पैसे वळते होतात आणि २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नव्या बॅटरीवर पक्क्या मार्करने घेतल्याची तारीख आणि पहिल्या रात्रीनंतरचं व्होल्टेज लिहून ठेवा. पुढच्या वेळी 'टक्' झालं तर तुलनेला तो आकडा हाताशी असेल.